बाळाला नीट ऐकू येते का? पहिल्या शंकेपासून श्रवणयंत्र अंगवळणी पडेपर्यंतचा मार्ग

बाळाला ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी बहुतेक घरांत एकच प्रयोग होतो. पाठीमागे जाऊन स्टीलचे ताट वाजवायचे आणि बाळ वळले की निर्धास्त व्हायचे. हा प्रयोग फसवा आहे. जवळून वाजवलेल्या ताटाचा आवाज साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि मध्यम किंवा त्याहून अधिक श्रवणदोष असलेले मूलही त्या आवाजाने दचकू शकते. शिवाय मुलाला तुमची सावली दिसते, जमिनीची थरथर जाणवते, समोर बसलेल्या आजीची नजर कुठे गेली हेही ते टिपते. भाषा शिकण्यासाठी मात्र ताट ऐकू येऊन भागत नाही. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते आणि त्यातही ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने इतर ध्वनींच्या मानाने फार क्षीण आणि उंच पट्टीची असतात. ताटाला वळणारे पण ‘स’ न ऐकणारे मूल घरच्यांच्या लेखी ‘ऐकणारे’ ठरते आणि दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

हा लेख शंका आलेल्या किंवा नुकतेच निदान झालेल्या पालकांसाठी आहे. पुढे बऱ्याच चाचण्यांची नावे येतील. त्यांतली प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मुलाचे भाषा शिकण्याचे वय थांबून राहत नाही. म्हणून तपासणी आणि मुलाशी संवाद या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालवाव्या लागतात.

शंका कधी गंभीरपणे घ्यावी

नवजात बाळ मोठ्या आवाजाने दचकते. तीन-चार महिन्यांचे बाळ आईच्या आवाजाने शांत होते, आणि सहा-सात महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवते. ‘आगु-आगु’ करणे हा ऐकू येत असल्याचा पुरावा मानू नये, कारण न ऐकणारी बाळेही पहिले काही महिने असे आवाज काढतात. फरक पुढे दिसतो. ऐकणारे बाळ दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ लावते, तर न ऐकणाऱ्या बाळाचे आवाज हळूहळू कमी होतात किंवा एकसुरी राहतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, दीड वर्षाच्या मुलाकडे अर्थपूर्ण शब्द नसतील, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द मागे पडले असतील, तर वाट पाहू नये.

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले’ अशी वाक्ये प्रेमाने सांगितली जातात, पण त्यांच्यामुळे वर्षे वाया जातात. बोलणे उशिरा येण्याची कारणे अनेक असू शकतात. त्यांतले कोणतेही गृहीत धरण्याआधी कान तपासून घ्यावेत, हा बालविकासातला साधा आणि जुना नियम आहे.

काही बाळांच्या बाबतीत शंकेची वाटही पाहायची नसते. पाच दिवसांपेक्षा अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेले, जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजनाचे, रक्त बदलावे लागण्याइतकी कावीळ झालेले, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन दीर्घकाळ घेतलेले, मेंदूज्वर झालेले, गरोदरपणात आईला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूची लागण झालेली असलेले आणि घराण्यात लहानपणापासूनचा बहिरेपणा असलेले बाळ जोखमीच्या यादीत येते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावे, कारण जवळच्या नात्यातल्या विवाहात अनुवंशिक श्रवणदोषाची शक्यता वाढते.

प्राथमिक चाळणी: ‘पास’ आणि ‘रेफर’ यांचा अर्थ

नवजात बाळांच्या श्रवणतपासणीसाठी जगभर १-३-६ हा क्रम मानला जातो. पहिल्या महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना. आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाळणी होतेच असे नाही, म्हणून घरी जाण्याआधी कार्डावर तिची नोंद आहे का ते पाहावे आणि नसेल तर विचारावे.

चाळणी बहुधा ओएई या चाचणीने होते. कानात मऊ टोकाची नळी ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातील बाह्य केशपेशींकडून (ऐकण्याला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशींकडून) येणारा सूक्ष्म प्रतिध्वनी मोजतात. झोपलेल्या बाळाची ही चाचणी काही मिनिटांत होते. निकाल ‘पास’ किंवा ‘रेफर’ असा येतो. ‘रेफर’ म्हणजे बहिरेपणा नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकट स्राव असतो, वॉर्डात गोंगाट असतो, बाळ हलते, आणि त्यामुळेही ‘रेफर’ येऊ शकतो. मात्र त्याचा अर्थ ‘नंतर बघू’ असाही नाही. पुन्हा तपासणीची तारीख लिहून घ्यावी आणि ती चुकवू नये. या पायरीवर गळणारी बाळे पुढे दोन-तीन वर्षांनी सापडतात.

‘पास’ या शब्दालाही मर्यादा आहेत. ओएई फक्त केशपेशींबद्दल सांगते, कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची चाळणी एएबीआर या स्वयंचलित मेंदूलहर चाचणीने करावी, असा आग्रह धरावा. काही श्रवणदोष जन्मानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्भवतात, त्यामुळे जन्मतः ‘पास’ झालेल्या मुलाबद्दल पुढे शंका आली तर जुना कागद पुढे करून गप्प बसू नये.

कोणाकडे जावे

इथे दोन वेगळे तज्ज्ञ लागतात आणि एकाचे काम दुसरा करू शकत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ कानाचा आजार पाहतात. ऑडिओलॉजिस्ट श्रवण मोजतात आणि श्रवणयंत्र बसवतात. ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का हे विचारणे अजिबात उद्धटपणाचे नाही, कारण यंत्रविक्रीच्या दुकानात बसलेली प्रत्येक व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट नसते. लहान मुलांची तपासणी नियमित करणारे केंद्र निवडावे, मग ते थोडे लांब असले तरी चालेल. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग ही सार्वजनिक क्षेत्रातली जुनी ठिकाणे आहेत. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. ही केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत, आणि त्या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली.

पहिल्या भेटीत मधल्या कानाची तपासणी व्हायला हवी. टिम्पॅनोमेट्री या चाचणीत कानातील दाब किंचित बदलून पडदा किती हलतो ते पाहतात. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचले असेल तर आलेख सपाट येतो. अशा मुलाला कमी ऐकू येते, पण हा दोष बहुतेकदा तात्पुरता असतो आणि साधारण तीन महिने लक्ष ठेवून मग पुढचे ठरवतात. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी ही चाचणी १००० हर्ट्झच्या, म्हणजे अधिक उंच पट्टीच्या, ध्वनीने करावी लागते, नेहमीच्या २२६ हर्ट्झने नव्हे. कानात कोमट तेल किंवा लसणाचे तेल घालणे बंद करावे. त्याने ऐकू येणे सुधारत नाही आणि पडद्याला भोक असेल तर संसर्ग आत जातो.

बेराचा दिवस

निदानाची मुख्य चाचणी म्हणजे बेरा. तिच्याविषयी भीती अधिक आणि माहिती कमी असते, म्हणून इथे जरा थांबू. कपाळावर आणि कानांमागे तीन-चार इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि त्या आवाजाला श्रवणनस व मेंदूतळ जो विद्युत प्रतिसाद देतात तो संगणक नोंदवतो. बाळाच्या अंगात कोणताही करंट सोडला जात नाही आणि काही टोचतही नाही. एकेक प्रतिसाद इतका क्षीण असतो की हजारो प्रतिसादांची सरासरी काढावी लागते, आणि बाळ हलले, रडले किंवा नुसते चोखत राहिले तरी स्नायूंच्या हालचालीत तो बुडून जातो. गाढ झोपेची गरज असते ती एवढ्यासाठीच.

तीन-चार महिन्यांपर्यंतचे बाळ दूध पिऊन आपोआप झोपते आणि त्या झोपेत चाचणी होऊ शकते. लवकर तपासणी करण्याचा हा एक व्यावहारिक फायदा. त्याहून मोठ्या मुलाला आदल्या रात्री उशिरा झोपवावे आणि सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठवावे. खरी परीक्षा प्रवासात असते. रिक्षात किंवा लोकलमध्ये लागलेली दहा मिनिटांची डुलकी सगळी तयारी पाण्यात घालवते. शक्य असेल तर सोबत दोन मोठी माणसे असावीत, म्हणजे एक सामान आणि कागद सांभाळेल आणि दुसरे मुलाला खेळवत जागे ठेवेल.

त्या सकाळी डोक्याला तेल लावू नये, टाळू भरू नये, कपाळाला पावडर किंवा तीट लावू नये. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि मग दाणेदार जेलने पुन्हा पुन्हा घासावे लागते, ज्याने झोपत आलेले मूल हमखास जागे होते. बाटली, आवडते पांघरूण, नेहमी झोपताना लागणारे बाहुले आणि कपड्यांचा एक जोड बरोबर ठेवावा. अंगावर असताना अंगाई म्हणण्याची सवय असेल तर तंत्रज्ञांना लाजू नये. तपासणीच्या खोलीत मोबाइल बंद ठेवावेत.

मूल आपोआप झोपत नसेल तर वजनानुसार झोपेचे औषध, बहुधा ट्रायक्लोफॉसचे सरबत, दिले जाते. ते घरी किंवा वाटेत देऊ नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासणीच्या जागीच द्यावे. किती तास आधी दूध व खाणे थांबवायचे ते आदल्या दिवशी फोन करून विचारावे. सर्दी, खोकला, ताप किंवा घोरण्याचा त्रास असेल तर आधीच कळवावे, तारीख पुढे गेली तरी हरकत नाही. काही मुले औषधाने झोपण्याऐवजी अधिकच चिडचिडी होतात आणि चाचणी अर्धवट राहते. त्यात पालकांची किंवा मुलाची चूक नसते, पुढची तारीख घ्यावी. घरी परतताना मूल गुंगीत असते, म्हणून त्याची मान पुढे कलंडू देऊ नये, पूर्ण जागे झाल्यावर आधी थोडे पाणी आणि मग दूध द्यावे, आणि त्या दिवशी जिन्यापासून दूर ठेवावे.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनही करावयाचा असेल तर एक प्रश्न अवश्य विचारावा: एकाच भुलीत किंवा एकाच गुंगीत दोन तपासण्या होतील का? मोठ्या रुग्णालयात पुष्कळदा ते जमते, पण विभाग वेगवेगळे असल्याने विचारल्याशिवाय कोणी जुळवून आणत नाही.

मुलाची मानसिक तयारी

दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला रुग्णालयाची भीती बसली तर पुढच्या प्रत्येक चाचणीचे मोल दुप्पट होते. ‘त्रास दिलास तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी घरातून कायमची हद्दपार करावी आणि शेजारपाजाऱ्यांनाही तसे सांगावे. ‘काहीच होणार नाही’ असे खोटेही बोलू नये. कमी ऐकणाऱ्या मुलापर्यंत शब्दांतले स्पष्टीकरण पोहोचत नाही, म्हणून चित्रे वापरावीत. पहिल्या भेटीत परवानगी घेऊन दार, खोली, यंत्र आणि तपासणाऱ्या ताईंचे फोटो मोबाइलवर काढावेत, आणि पुढच्या वेळी निघण्याआधी ते क्रमाने दाखवून शेवटी आपल्या घराचा फोटो दाखवावा. जायचे, बसायचे आणि परत यायचे एवढे मुलाला कळले की निम्मे रडणे कमी होते. घरी खेळण्यातल्या भालूच्या कपाळावर चिकटपट्टी लावावी, मग आईच्या, मग मुलाच्या. हेडफोन कानावर घेऊन बसण्याचा खेळ रोज दोन-चार मिनिटे खेळावा.

हे खेळ पुढच्या चाचण्यांसाठीही उपयोगी पडतात. सहा महिने ते अडीच वर्षांच्या मुलाला आवाजाकडे वळल्यावर उजळणारे खेळणे दाखवून श्रवण मोजतात. अडीच-तीन वर्षांच्या पुढचे मूल आवाज आला की खुंटीत कडे घालते. आवाज येईपर्यंत कडे कानाजवळ धरून थांबणे आणि आवाज येताच टाकणे हा सराव घरी डबा आणि ठोकळे घेऊन सहज होतो. सराव झालेले मूल एका बैठकीत दोन्ही कानांची माहिती देते.

अहवाल कसा वाचावा

‘किती टक्के ऐकू येते?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो, आणि तो सोडून द्यावा असे माझे मत आहे. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. ६० डेसिबलचा श्रवणदोष म्हणजे ६० टक्के बहिरेपणा नाही. त्याचा अर्थ असा की साधारण ६० डेसिबलपेक्षा हळू आवाज मुलाला यंत्राशिवाय कळत नाहीत. सर्वसाधारण वर्गीकरणात २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र असे गट मानतात. ‘सौम्य’ या शब्दाने फसू नये. सौम्य दोष असलेले मूल वर्गात मागच्या बाकावर बरेच बोलणे गमावू शकते.

दोष कुठे आहे हे कळणेही तितकेच गरजेचे आहे. बाह्य किंवा मधल्या कानातला असेल तर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारू शकतो. आतल्या कानातला किंवा नसेचा असेल तर तो बहुधा कायमचा असतो. हे ओळखण्यासाठी हाडामार्गे आवाज देऊन केलेली बेरा लागते. अहवालात फक्त ‘क्लिक’ हा शब्द असेल तर साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या उंच पट्टीचा अंदाज आला आहे, खालच्या पट्टीचे काहीच कळलेले नाही. यंत्र नेमके बसवायचे असेल तर ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवर स्वतंत्र मोजमाप हवे, ते टोन-बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर या चाचणीतून मिळते. ‘९० डेसिबलला प्रतिसाद नाही’ या ओळीने हादरून जाऊ नये. तो तपासणी यंत्राच्या त्या वेळच्या मर्यादेचा उल्लेख आहे, आणि खालच्या पट्टीत उपयोगी श्रवण शिल्लक असू शकते.

एक चमत्कारिक जोडीही दिसते: ओएई चांगली, बेरा मात्र जवळजवळ कोरी. केशपेशी काम करतात पण संदेश नसेतून सुसूत्र जात नाही, अशा या प्रकाराला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. तीव्र कावीळ झालेल्या बाळांत तो आढळतो आणि त्याचा मार्ग वेगळा असतो. म्हणूनच कोणत्याही एका चाचणीवर शिक्का मारू नये, दोन-तीन चाचण्यांचा मेळ बसतो का ते पाहावे आणि बसत नसेल तर दुसरे मत घ्यावे.

प्रत्येक अहवालाची मूळ प्रत आलेखासह मागून घ्यावी, नुसता ‘तीव्र श्रवणदोष’ असा एका ओळीचा कागद स्वीकारू नये. एकच फाइल करून तारखेप्रमाणे लावावी आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

कारणाचा शोध, पण यंत्र न थांबवता

कारण शोधण्यासाठी हृदयाचा आलेख, डोळ्यांची तपासणी, जनुकीय चाचणी आणि स्कॅन सुचवले जातात. कानासाठी हृदयाचा आलेख कशाला, असा प्रश्न पडतो. एका दुर्मीळ अनुवंशिक आजारात बहिरेपणाबरोबर हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात, आणि स्वस्तातल्या ईसीजीने तो ओळखू येतो. दुसऱ्या एका आजारात पुढे दृष्टी कमी होते. सायटोमेगॅलो विषाणूची जन्मजात लागण सिद्ध करायची तर लघवी किंवा लाळेचा नमुना जन्मानंतर २१ दिवसांच्या आत घ्यावा लागतो, म्हणून नवजात बाळाचा ‘रेफर’ आला की त्याच आठवड्यात विचारावे. मेंदूज्वरानंतर श्रवण गेले असेल तर मात्र खरी घाई करावी. आतल्या कानात हाड धरू लागते आणि कॉक्लिअर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवून नसेला थेट विद्युत संदेश देणाऱ्या उपकरणाची) संधी काही आठवड्यांतच निसटू शकते.

जन्मजात श्रवणदोषांपैकी निम्म्याहून अधिक अनुवंशिक असतात आणि त्यांत जीजेबी-२ या जनुकातला बदल वारंवार सापडतो. आईवडील दोघांना उत्तम ऐकू येते, दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असते आणि दोन्ही प्रती एकाच बाळात आल्या की दोष दिसतो. प्रत्येक गरोदरपणात त्याची शक्यता २५ टक्के असते. ग्रहणात सूनबाईंनी भाजी चिरली होती, या बोलण्याला इथे जागा नाही. हा हिशेब सासूसासऱ्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवला तर घरातला बराच ताप कमी होतो.

जनुकीय अहवालाला आठवडे लागतात. तेवढा काळ श्रवणयंत्र थांबवण्याचे काहीच कारण नाही.

श्रवणयंत्राचे पहिले महिने

बाळाला साधारणतः कानामागे बसणारे डिजिटल यंत्र दोन्ही कानांना देतात. कानात बसणारा मऊ मोल्ड बाळाच्या कानाच्या मापाने बनवतात. आत दोरा बांधलेला स्पंज ठेवून त्यावर मऊ लगदा भरतात आणि काही मिनिटांत तो घट्ट झाला की काढतात. बाळाचा कान इतका भरभर वाढतो की पहिल्या वर्षात एक-दोन महिन्यांनी नवा मोल्ड लागू शकतो. यंत्र शिट्टी मारू लागले तर आवाज कमी करण्याचा मोह टाळावा, मोल्ड सैल झाला आहे असे समजावे. बाळाचा कर्णमार्ग लहान असल्याने तोच आवाज त्यात अधिक मोठा होतो, म्हणून यंत्राची मात्रा प्रत्यक्ष बाळाच्या कानातल्या मोजमापावर ठरवली आहे का, हेही विचारावे.

मूल यंत्र ओढून काढणारच. चिडू नये, आणि यंत्र काढल्यावर लगेच कडेवर घेऊन खाऊही देऊ नये, नाहीतर यंत्र काढले की लाड होतात हे त्याला चटकन कळते. अंघोळीनंतर प्रसन्न असताना, हातात खेळणे देऊन यंत्र लावावे. काढले तर शांतपणे ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा लावावे. काही आठवड्यांत झोप आणि अंघोळ सोडून पूर्ण वेळ यंत्र कानात राहणे हे ध्येय असावे. यंत्राला बांधलेली दोरी पाठीमागे झबल्याला क्लिपने अडकवली की ते नाल्यात किंवा बाजारात पडत नाही.

रोज सकाळी यंत्र तपासण्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडून ऐकण्याची नळी घ्यावी आणि स्वतः ऐकावे. त्यानंतर यंत्र लावलेल्या मुलामागून, तोंड न दाखवता, ‘म, ऊ, आ, ई, श, स’ हे सहा ध्वनी साध्या आवाजात म्हणावेत. या सहांत बोलण्याची खालपासून वरपर्यंतची पट्टी येते. काल ‘श’ला वळणारे मूल आज वळले नाही तर बॅटरी, मळाने बुजलेला मोल्ड किंवा सर्दी यांपैकी काहीतरी आहे.

गोल झिंक-एअर बॅटरीवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी, मग बसवावी. बॅटरीचे झाकण कुलूपबंद प्रकारचे मागावे आणि वापरलेल्या बॅटऱ्या मोजून टाकाव्यात, कारण गिळलेली किंवा नाकात अडकलेली बॅटरी तासाभरातही इजा करू शकते आणि तेव्हा थेट रुग्णालयच गाठावे लागते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावे. उन्हात वाळवू नये. रंगपंचमीला यंत्र घरी ठेवावे, आणि ढोल-ताशाच्या पथकाजवळ मुलाला नेऊच नये, यंत्र असो वा नसो.

घरातली भाषा

यंत्राने आवाज येतो, भाषा येत नाही. वाचा-श्रवण थेरपीचा, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या प्रशिक्षणाचा, आठवड्यातला तास खरे तर पालकांनी शिकण्यासाठी असतो, उरलेला आठवडा घरात घडतो. मुलापासून हातभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोलावे. यंत्र दूरचा आवाज जवळ आणत नाही, म्हणून स्वयंपाकघरातून मारलेली हाक वाया जाते. टीव्ही, मिक्सर आणि कुकरची शिट्टी चालू असताना बोलण्याचा आग्रह धरू नये. ‘पाणी’ एवढाच शब्द सुटा म्हणण्याऐवजी ‘चल, आपण तांब्यात पाणी भरू’ असे पूर्ण वाक्य बोलावे, ओरडू नये. घरात मराठी बोलली जात असेल तर मराठीतच बोलावे. अडखळत्या इंग्रजीपेक्षा आजीच्या ओघवत्या मराठीतून मूल अधिक शिकते.

भारतीय सांकेतिक भाषेबद्दल अनेक घरांत भीती असते की खुणा शिकला तर तो बोलणार नाही. ही भीती निराधार आहे. यंत्र बसेपर्यंतच्या, इम्प्लांट होईपर्यंतच्या महिन्यांत मूल भाषेशिवाय राहू नये हे अधिक महत्त्वाचे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून दिल्लीत कार्यरत आहे.

इम्प्लांट आणि कागदपत्रे

दोन्ही कानांत तीव्र ते अतितीव्र दोष असेल आणि यंत्राने काही महिन्यांत पुरेसा लाभ दिसत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार लवकर, शक्यतो मूल एक-दोन वर्षांचे असताना करावा. शस्त्रक्रियेआधी न्यूमोकॉकल लस पूर्ण असावी लागते, इम्प्लांट शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी चालू करतात आणि त्यानंतर मॅपिंग (इम्प्लांटची मात्रा मुलानुसार जुळवणे) व थेरपी वर्षानुवर्षे चालते. तेवढा वेळ आणि सुट्या भागांचा खर्च आपल्याला झेपेल का, याचा विचार शस्त्रक्रियेआधीच करावा. दिव्यांगांना साहाय्यक साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पात्र मुलांना मदत मिळते आणि इम्प्लांटच्या बाबतीत तिचे काम वांद्र्याच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेमार्फत चालते. वयाची व उत्पन्नाची अट असल्याने अर्ज उशिरा करू नये. उत्पन्नाचा दाखला, आधार, जन्मदाखला आणि मूळ श्रवण अहवाल एकत्र ठेवावेत.

दिव्यांगत्वाचे यूडीआयडी (देशभर चालणारे एकच क्रमांकाचे) ओळखपत्रही काढावे. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल दोष असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर श्रवण-अल्प असे मानतात. प्रमाणपत्रावरची टक्केवारी वेगळ्या सूत्राने काढलेली असते, ती वाचून मुलाच्या क्षमतेचा अंदाज बांधू नये. एकाच कानाचा किंवा मध्यम दोष असलेले मूल या व्याख्येत बसत नाही, पण त्यालाही यंत्र आणि पाठपुरावा लागतोच.

पुढच्या तारखा

पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी श्रवण आणि यंत्र तपासून घ्यावे, आणि भाषेची प्रगतीही स्वतंत्रपणे मोजून घ्यावी. कान वाहू लागला, मोल्डखाली लाली आली, मूल एकाएकी यंत्राला नकार देऊ लागले किंवा डोक्याला मार लागल्यानंतर कमी ऐकू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. काही मुलांच्या आतल्या कानातील नलिका रुंद असते आणि डोक्याला लागलेल्या साध्या ठोकरीनेही त्यांचे श्रवण खाली जाते. स्कॅनमध्ये ती आढळली असेल तर शाळेत आणि खेळाच्या शिक्षकांना लेखी कळवून ठेवावे.